आधार म्हणजे नागरिकत्व नव्हे, आणि ओळखपत्र म्हणजे सक्ती नव्हे

‘आधार आहे ना, मग मी भारताचा नागरिक आहे हे सिद्धच झालं,’ असं सुशिक्षित माणसंही सर्रास बोलतात. तसं ते सिद्ध होत नाही. 2016 च्या आधार कायद्याचं कलम 9 सांगतं की, आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा किंवा अधिवासाचा पुरावा नाही. आधार मिळतं ते रहिवाशाला. अर्जाआधीच्या 12 महिन्यांत 182 किंवा त्याहून जास्त दिवस भारतात राहिलेला माणूस म्हणजे रहिवासी. पुण्याच्या कारखान्यात नोकरीला आलेला जर्मन इंजिनिअरही त्यात बसतो. आधारच्या कागदावरच ते ओळखीचा पुरावा आहे, नागरिकत्वाचा नाही, असं छापलेलं असतं. आपण फोटो आणि नंबर पाहतो, ती ओळ वाचत नाही.

नागरिकांसाठी वेगळं राष्ट्रीय ओळखपत्र देण्याची तरतूद भारतात आहे. 2003 च्या दुरुस्तीने नागरिकत्व कायद्यात कलम 14अ आलं, ते त्यासाठीच. पण असं कार्ड देशभर कधीच वाटलं गेलं नाही. त्यामुळे रोजच्या व्यवहारात आधारच राष्ट्रीय ओळखपत्र होऊन बसलं आणि गैरसमज पक्का झाला.

हा घोळ गोव्यात फार महागात पडू शकतो. 19 डिसेंबर 1961 पूर्वी तिथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या वंशजांना पोर्तुगालच्या नागरिकत्वाचा मार्ग खुला आहे. पण भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. स्वेच्छेने दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं आपोआप संपतं. कपाटात आधार कार्ड जसंच्या तसं असलं तरी त्याने ते वाचत नाही. अशा वेळी ‘आधार आहे, काळजी नको’ हा सल्ला घातक आहे.

पोर्तुगालकडून शिकण्यासारखी आणखी एक गोष्ट आहे. प्रत्येक माणसाला सगळीकडे चालणारा एकच क्रमांक हवाच, असं आपल्याला वाटतं. पोर्तुगालच्या राज्यघटनेत मात्र नागरिकांना असा एकच राष्ट्रीय क्रमांक देण्याला चक्क बंदी आहे. हुकूमशाही उलथल्यावर 1976 मध्ये लिहिलेली ही घटना. सरकारच्या हाती प्रत्येकाची सगळी माहिती एका धाग्यात ओवलेली नको, ही त्यामागची चिंता मला रास्त वाटते. तिथल्या कार्डाची मागची बाजू पाहिली की फरक कळतो: कर, सामाजिक सुरक्षा आणि आरोग्य यांचे क्रमांक एकाच कार्डावर, पण वेगवेगळे छापलेले.

‘प्रगत देशांत सगळीकडे ओळखपत्र सक्तीचं असतं’ हेही खरं नाही. अमेरिकेत राष्ट्रीय ओळखपत्रच नाही. तिथे राज्यांनी दिलेल्या ड्रायव्हिंग लायसन्सवर काम चालतं. ब्रिटनने दुसऱ्या महायुद्धासाठी 1939 मध्ये ओळखपत्रं आणली, ती युद्ध संपल्यावरही चालूच राहिली. 1950 मध्ये पोलिसांनी गाडी अडवल्यावर हॅरी विलकॉक या लंडनकराने कार्ड दाखवायला साफ नकार दिला. खटला वरच्या कोर्टात गेला. तो दोषी ठरला, पण त्याला शिक्षा झाली नाही. युद्धासाठी दिलेला अधिकार शांततेच्या काळात असा वापरण्यावर सरन्यायाधीश लॉर्ड गोडार्ड यांनीच कडक ताशेरे ओढले. 1952 मध्ये कार्डं रद्द झाली. पुढे 2006 मध्ये नवा कायदा आला, तोही 2010 मध्ये मोडीत निघाला आणि जमवलेली नोंदवही नष्ट करण्यात आली.

जिथे सक्ती आहे, तिथेही ती कशाची हे पाहावं लागतं. जर्मनीत 16 वर्षांवरच्या नागरिकाकडे ओळखपत्र किंवा पासपोर्ट असायलाच हवा, पण तो सतत खिशात हवा असं नाही. बेल्जियममध्ये 15 वर्षांपासून कार्ड बरोबर बाळगावंच लागतं. फ्रान्समध्ये कार्ड ऐच्छिक आहे. जपानचं ‘माय नंबर’ कार्डही ऐच्छिक, पण तिथे राहणाऱ्या सज्ञान परदेशी माणसाला निवास कार्ड कायम जवळ ठेवावं लागतं. म्हणजे टोकियोत काम करणाऱ्या मराठी मुलीला जो नियम लागू, तो तिच्या जपानी सहकाऱ्याला नाही. अमिरातीत तर कार्ड नागरिक आणि परदेशी रहिवासी दोघांनाही घ्यावं लागतं. दुबईतल्या आपल्या माणसांकडे ते असतं, पण त्याने कुणी अमिराती होत नाही.

आपल्याकडे आधार सदैव जवळ बाळगण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही. 26 सप्टेंबर 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पॅनशी जोडणी आणि सरकारी अनुदानाच्या योजना यांसाठी आधार ग्राह्य धरलं. बँक खातं, मोबाईल सिम आणि शाळाप्रवेश यांसाठीची सक्ती मात्र नाकारली. हॉटेलात खोली घेताना पासपोर्ट, मतदार ओळखपत्र किंवा लायसन्स दाखवता येतं. आधारच द्यायचं ठरवलं, तर ‘मास्क्ड आधार’ डाउनलोड करून द्यावं. त्यात 12 पैकी फक्त शेवटचे 4 आकडे दिसतात.