दिवस भरले म्हणजे किती?

गेल्या चैत्रात माझ्या भाचीला गुरुग्राममध्ये मुलगी झाली. वजन दोन किलो शंभर ग्रॅम. नागपूरला आईला फोन केला, तर शहाऐंशी वर्षांच्या आईचा पहिलाच प्रश्न, "दिवस भरले होते का गं?" उत्तर कुणालाच देता येईना. रुग्णालयाच्या कार्डावर जन्माची वेळ मिनिटापर्यंत होती, वजन ग्रॅमपर्यंत होतं, पण गर्भाच्या आठवड्यांचा रकाना कोरा होता.

दिल्लीत राहून मला चाळीस वर्षं झाली. त्यातली पंधरा तरी मी या शहरातल्या बाळांच्या वजन-उंचीच्या अभ्यासांचं वाचन करण्यात घालवली आहेत. त्यामुळे हा कोरा रकाना मला फार लागला. आपल्याकडे बाईला दिवस जातात, दिवस राहतात, दिवस भरतात. मूल सातमाशी असतं, अपुऱ्या दिवसांचं असतं. गर्भारपण दिवसांत मोजायचं असतं, हे आपल्या भाषेला पक्कं ठाऊक आहे. सव्वादोन किलोचं बाळ पस्तिसाव्या आठवड्यात आलं, तर त्याची पोटातली वाढ बहुधा ठीक होती, फक्त घाई झाली. तेच वजन एकोणचाळिसाव्या आठवड्यात भरलं, तर पोटातच कुठेतरी वाढ अडली होती. काटा दोघांनाही एकच आकडा दाखवतो, पण पुढची वाट वेगळी असते.

शरीरशास्त्र थोडक्यात सांगते. मेंदू आणि पाठीचा कणा ज्या नळीतून घडतात ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांतच मिटते, म्हणजे बऱ्याच जणींना दिवस गेल्याचं नीट कळायच्याही आत. म्हणून फोलिक अ‍ॅसिड आधीपासून हवं. पुढे आयोडीन, लोह, बी-१२, आईचं पुरेसं जेवण. वारेतून कमी मिळालं की गर्भ मेंदूचा वाटा आधी राखतो आणि काटकसर बाकीच्या अंगावर करतो. शेवटच्या तीन महिन्यांत मेंदू झपाट्याने वाढतो. एवढं पुरे, कारण मला लाजपतनगरला जायचं आहे.

फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी वसवलेली दक्षिण दिल्लीतली ही वस्ती. आज तिथे लोक पडद्यांचं कापड आणि कुर्ते घ्यायला जातात. १९६९च्या डिसेंबरात या भागातल्या बारा चौरस किलोमीटरमध्ये घरोघरी शिरगणती झाली आणि २०,७५५ विवाहित स्त्रियांची नावं नोंदवली गेली. सफदरजंग रुग्णालयाचे बालरोगतज्ज्ञ डॉ. संतोष भार्गव आणि त्यांचे सहकारी यांचं हे काम. जगात बहुतेक असे अभ्यास बाळ जन्मल्यावर सुरू होतात. इथे बाळाचा पत्ताही नसताना सुरुवात झाली. कार्यकर्त्या दर दोन महिन्यांनी प्रत्येक दारात जाऊन एकच प्रश्न विचारत: मागची पाळी कधी आली?

या प्रश्नापाशी मी दर वेळी थबकते. पन्नासेक वर्षांपूर्वीची दिल्ली, जवळपास निम्मी कुटुंबं एका खोलीत राहणारी, घरात सासू, दीर, पोरंबाळं. त्यात अनोळखी बाई येऊन हे विचारणार आणि तिला खरं उत्तर मिळणार. माझ्या मावश्या तारीख सांगत नसत. "गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी" असं सांगत. पंजाबी घरात ते लोहडी किंवा करवा चौथच्या हिशेबाने येत असणार. दोन महिन्यांनी पुन्हा फेरी असल्यामुळे आठवण शिळी व्हायच्या आत कागदावर उतरत होती. माझ्या मते या अभ्यासाचं मोठेपण पुढच्या कोणत्याही निष्कर्षापेक्षा या फेऱ्यांत आहे.

९,१६९ गर्भधारणांची नोंद झाली, ८,१८१ बाळं जिवंत जन्मली. जन्मानंतर तीन दिवसांच्या आत वजन आणि लांबी, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या महिन्यात आणि पुढे दर सहा महिन्यांनी. तान्ह्या बाळाची लांबी घेणं किती कठीण असतं ते आजीलाच विचारावं. एकीने डोकं धरायचं, दुसरीने गुडघे सरळ करायचे, तोवर बाळ पाय आखडून घेतं.

इथे थोडं इंग्लंडात डोकावते. हर्टफर्डशायर परगण्यात एथेल मार्गारेट बर्नसाइड या मुख्य आरोग्यसेविकेने १९११ पासून बाळांची जन्माची आणि वर्षाची वजनं वह्यांत लिहवून घेतली. त्याच वह्यांवरून डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की, बाळपणी कमी वजनाच्या पुरुषांत हृदयविकाराने मृत्यू जास्त होते. पण त्या वह्यांत गर्भाचे आठवडे नव्हते. दिल्लीत ते होते. डॉ. शांती घोष, भार्गव आणि सहकाऱ्यांनी तर १९७१ मध्येच उत्तर भारतीय बाळांच्या गर्भवाढीचा आलेख छापला होता.

लाजपतनगरची मुलं मोठी झाली, पांगली. १९९८ ते २००२ दरम्यान त्यांना शोधून पुन्हा तपासलं तेव्हा दीड हजारांवर तरुण आले. सरासरी वय एकोणतीस. त्यांतल्या जवळपास साडेचार टक्क्यांना मधुमेह होता आणि सुमारे अकरा टक्के त्याच्या उंबरठ्यावर. यातले बहुतेक दोन वर्षांपर्यंत हडकुळे होते, मग लवकर अंग धरू लागले. बाराव्या वर्षी त्यांतलं एकही मूल लठ्ठ म्हणावं असं नव्हतं. २००४ मध्ये हे प्रसिद्ध झालं.

शाळेचं काय? ब्राझील, ग्वाटेमाला, फिलिपिन्स आणि दक्षिण आफ्रिकेतल्या अशाच अभ्यासांशी दिल्लीच्या नोंदी जोडून पाहिलं, तेव्हा जन्मवजन साधारण अर्ध्या किलोने जास्त असलेली मुलं सरासरी अडीच महिने जास्त शिकलेली निघाली. पहिल्या दोन वर्षांत अपेक्षेपेक्षा सुमारे पाऊण किलो जास्त भरलेली मुलं पाच महिने जास्त शिकलेली. दोन ते चार वर्षांतल्या वजनवाढीचा मात्र शिक्षणाशी फारसा संबंध दिसला नाही. गुटगुटीत करण्याच्या नादात चार वर्षांच्या पोराला तूप-साखर भरवणाऱ्या प्रत्येक घरात हे सांगावं असं मला मनापासून वाटतं. वेळ आधीची असते.

ती किती आधीची, हे दिल्लीतल्याच नव्या अभ्यासातून कळतं. कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या वस्त्यांतल्या १३,५०० तरुण स्त्रियांना गटांत विभागून काहींना गर्भधारणेपूर्वी, काहींना गर्भारपणापासून बाळ दोन वर्षांचं होईपर्यंत, काहींना दोन्ही टप्प्यांत मदत दिली: आहार, आरोग्य, स्वच्छता, मनाची काळजी. गर्भारपणापासून मदत मिळालेल्या गटात दोन वर्षांच्या खुज्या मुलांचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं, आणि समज, भाषा, हालचाल यांतही मुलं थोडी पुढे राहिली. थोडीच, पण निश्चित.

आणि दिवसांचा प्रश्न? तो पुन्हा गुरुग्रामलाच आला. तिथल्या सरकारी रुग्णालयात २०१५ पासून गर्भिणी नावाचा अभ्यास चालतो, फरिदाबादच्या संशोधन संस्थेच्या डॉ. शिंजिनी भटनागर यांच्या पुढाकाराने. उशिरा आलेल्या बाईचे आठवडे सोनोग्राफीवरून काढायची आपल्याकडची रूढ सूत्रं पाश्चात्त्य बाळांवर बेतलेली. २०२४ मध्ये या गटाने आयआयटी मद्रासबरोबर भारतीय गर्भांवरून नवं सूत्र बांधलं. त्याने चूक जवळपास तिपटीने कमी झाली.

भाचीची फाईल मी स्वतः उपसली. अगदी तळाशी नवव्या आठवड्यातली सोनोग्राफी सापडली. पहिल्या तिमाहीतला तो आकडा सगळ्यात भरवशाचा. बोटं मोजली: पस्तीस आठवडे, तीन दिवस. आईला कळवलं, "नाही भरले. बत्तीस दिवस कमी होते."

"मग महिना वजा करूनच बघायचं," आई म्हणाली. डॉक्टरही दोन वर्षांपर्यंत तेच करतात, वय ठरलेल्या तारखेपासून धरतात. शेजारची तेवढ्याच दिवसांची पोर लोळत होती तेव्हा भाची रडवेली झाली होती. मी तिच्या कॅलेंडरवर दुसरी तारीख लाल पेनाने लिहून दिली आणि कार्डावरचा कोरा रकानाही भरला. घटस्थापनेच्या सकाळी फोन आला, बाळ पालथं पडलं. त्या हिशेबाने पाच महिन्यांचं होतं.