विद्यापीठ झाले, दार कोणासाठी उघडे?

बंगळुरूचे सेंट जोसेफ्स महाविद्यालय फ्रेंच कॅथलिक मिशनऱ्यांनी १८८२ मध्ये स्थापन केले. १९३७ मध्ये ते जेझुइट संघाकडे आले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते विद्यापीठ म्हणून त्याचे उद्‌घाटन झाले. या बदलाकडे मी केवळ प्रतिष्ठेची बाब म्हणून पाहत नाही.

स्वायत्त महाविद्यालय अभ्यासक्रम आखते, परीक्षा घेते. पदवी मात्र मूळ विद्यापीठाची असते. स्वतःच विद्यापीठ झालेल्या संस्थेला नवा अभ्यासक्रम सुरू करणे, विज्ञानाच्या विद्यार्थ्याला इतिहासही शिकू देणे तुलनेने सोपे जाते. संलग्न महाविद्यालयांचा पसारा नसल्याने प्राध्यापक आणि विद्यार्थी यांच्यातील अंतरही कमी राहते.

नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अलीगढ मुस्लिम विद्यापीठाच्या खटल्यात स्पष्ट केले की, संस्था कायद्याद्वारे अस्तित्वात आली एवढ्याच कारणाने तिचे अल्पसंख्याक स्वरूप नाहीसे होत नाही. संविधानाच्या अनुच्छेद ३० चे संरक्षण त्यामुळे बळकट झाले. मात्र हक्काबरोबर उत्तरदायित्वही येते. शुल्क वाढत गेले, तर कन्नड माध्यमातून आलेली, घरातील पहिलीच पदवीधर होऊ पाहणारी मुलगी वर्गातून सर्वप्रथम दिसेनाशी होईल. ती नसेल, तर वसतिगृहातील आणि वर्गातील विविधतेला काय अर्थ उरतो?

म्हणून अशा प्रत्येक विद्यापीठाने पहिल्या पिढीतील विद्यार्थ्यांची आणि शुल्कसवलतींची संख्या दरवर्षी जाहीर करावी, असे मला वाटते. ‘श्रद्धा आणि श्रम’ हे सेंट जोसेफ्सचे ब्रीद आहे. त्यातील श्रमाचा हिशेब समाजाला मागता आला पाहिजे.