जँगो फ्रेमवर्कमधील त्रुटी-हाताळणी आणि स्वयंचलित चाचणी

प्रस्तावना :
जँगो हे पायथॉन भाषेतील वेब-फ्रेमवर्क अमेरिकेतील कॅन्सस राज्यात, लॉरेन्स येथील एका वृत्तपत्राच्या कार्यालयात आकारास आले आणि जुलै २००५ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. त्याच्या आधारे त्रुटी-हाताळणी व स्वयंचलित चाचणी यांचा परस्परसंबंध स्पष्ट करणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

त्रुटींचे दोन प्रकार :
समजा, विद्यार्थ्याने निकालाच्या पृष्ठावर अस्तित्वात नसलेला बैठक क्रमांक दिला. ही अपेक्षित त्रुटी होय. प्रोग्रामरने तेथे ‘एचटीटीपी ४०४’ हा अपवाद उपस्थित केल्यास जँगो ‘४०४’ या संकेतांकाचे उत्तर पाठविते. याउलट, डेटाबेसशी संपर्क तुटणे किंवा प्रोग्राममध्येच चूक असणे ही अनपेक्षित त्रुटी होय. तिचा संकेतांक ‘५००’ आहे. ‘डीबग’ सेटिंग चालू असल्यास अशा वेळी प्रोग्रामच्या ओळी व चलांची मूल्ये पडद्यावर येतात. प्रोग्रामरला ही माहिती उपयुक्त असली, तरी प्रत्यक्ष वापरातील संकेतस्थळावर ती परक्याच्या हाती पडते. म्हणून तेथे हे सेटिंग बंद ठेवणे अनिवार्य ठरते.

चाचणीची भूमिका :
त्रुटी हाताळणारा भाग नेहमीच्या वापरात क्वचितच चालतो. त्यामुळे त्यातील दोष दीर्घकाळ दडून राहतात. चाचणीत त्रुटी मुद्दाम घडवून आणणे, हाच त्यावरील उपाय होय. जँगो चाचणीसाठी स्वतंत्र डेटाबेस निर्माण करते आणि ‘टेस्टकेस’ वर्गातील प्रत्येक चाचणीनंतर तीत झालेले बदल मागे घेते. परिणामी, एका चाचणीचा दुसरीवर प्रभाव पडत नाही. ‘टेस्ट क्लायंट’ ब्राउझरची भूमिका बजावतो. चुकीचा बैठक क्रमांक देऊन ‘४०४’ मिळतो की नाही, हे त्याद्वारे तपासता येते.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. न हाताळलेला अपवाद टेस्ट क्लायंट थेट चाचणीतच उपस्थित करतो. ‘५००’ चे पृष्ठ दाखवीत नाही. ते पृष्ठ तपासावयाचे असल्यास ‘रेज रिक्वेस्ट एक्सेप्शन’ हा पर्याय बंद करावा लागतो. अन्यथा वापरकर्त्यास संकटसमयी दिसणारे पृष्ठ अतपासलेलेच राहते.

समारोप :
सर्व चाचण्या उत्तीर्ण झाल्या म्हणजे प्रोग्राम निर्दोष ठरला, असे नव्हे. ज्या शक्यतांचा विचार झाला, तेवढ्यांचीच ती ग्वाही असते. म्हणून प्रात्यक्षिकांचे मूल्यमापन करताना अपेक्षित उत्तराबरोबरच चुकीची माहिती दिल्यास प्रोग्राम कसा वागतो, हे दाखविणारी किमान एक चाचणी विद्यार्थ्यांकडून लिहून घेणे इष्ट ठरेल.