फ्रान्सची प्रदक्षिणा

शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे एक साधे चित्र उभे राहते. मैदानावर चुन्याची रेघ आखलेली असते. शिटी वाजते, मुले धावत सुटतात आणि समोरची दोरी जो सर्वांच्या आधी गाठतो, तो पहिला ठरतो. अशा शर्यतीचा निकाल लावण्यास पंचांना फारसा विचार करावा लागत नाही. परंतु एखादी शर्यत एका दिवसात न संपता तीन आठवडे चालली तर? आज एक जण पहिला आला, उद्या दुसरा आणि परवा तिसरा, तर अखेर विजयी कोणाला म्हणावे? सपाट रस्त्यावर वाऱ्यासारखा धावणारा गडी घाटात मागे पडला आणि घाटात सर्वांना मागे टाकणारा सपाटीवर हरला, तर दोघांत श्रेष्ठ कोण?

फ्रान्स देशात दरवर्षी होणाऱ्या एका प्रसिद्ध सायकल शर्यतीत हे प्रश्न रोजच उभे राहतात. त्या शर्यतीचे नाव ‘टूर द फ्रान्स’, म्हणजे फ्रान्सची प्रदक्षिणा. ही शर्यत एकवीस टप्प्यांची असते. एका दिवशी एक टप्पा पुरा करावयाचा आणि मध्ये दोन दिवस विश्रांती घ्यावयाची, असा तिचा क्रम आहे. एकंदर अंतर सुमारे ३,४०० किलोमीटर भरते. वाटेत सपाट शेते लागतात, टेकड्या लागतात, आणि आल्प्स व पिरेनीज या पर्वतांतील उंच घाटही लागतात.

या शर्यतीचा जन्म एका वृत्तपत्राच्या कचेरीत झाला. ‘लोतो’ या क्रीडाविषयक पत्राचा खप वाढावा, म्हणून त्याचे संपादक आन्री देग्रांज यांनी १९०३ साली ती सुरू केली. त्या वर्षी टप्पे अवघे सहा होते. पण ते इतके लांब होते की, स्पर्धकांना रात्रीच्या काळोखातही सायकल चालवावी लागे. साठ जण निघाले आणि एकवीस जणच शेवटपर्यंत पोचले. पहिला आला मोरीस गारँ. लहानपणी घरांची धुराडी साफ करून पोट भरणारा हा माणूस दुसऱ्या क्रमांकाच्या स्पर्धकापेक्षा जवळजवळ तीन तास आधी पोचला होता.

गारँ पहिला, हे कसे ठरले? प्रत्येक टप्प्याला त्याला किती वेळ लागला ते लिहून ठेवले आणि शेवटी सर्व वेळांची बेरीज केली. ज्याची बेरीज सर्वांत कमी, तो विजयी. आजही मुख्य निकाल याच रीतीने लागतो. एका उदाहरणाने ही रीत स्पष्ट होईल. समजा, अ आणि ब असे दोन स्पर्धक आहेत. पहिले दोन टप्पे अ ने जिंकले, पण दोन्ही वेळा ब त्याच्या मागोमाग दहाच सेकंदांनी पोचला. तिसरा टप्पा डोंगरातला होता. त्यात ब हा अ च्या एक मिनिट आधी पोचला. आता टप्पे पाहिले तर अ ने दोन जिंकले आणि ब ने एकच. परंतु वेळेची बेरीज केली तर ब चाळीस सेकंदांनी पुढे आहे, म्हणून मुख्य निकालात ब वरचढ ठरतो. एकही टप्पा न जिंकता सबंध शर्यत जिंकणे यामुळेच शक्य होते. १९९० साली अमेरिकेच्या ग्रेग लेमाँडने तसे करून दाखविले.

या मुख्य नियमाला काही पोटनियमांची जोड आहे. शंभर सायकली एका घोळक्यात अंतिम रेषा ओलांडू लागल्या, तर प्रत्येकाचे निराळे सेकंद मोजण्याच्या चढाओढीत अपघात व्हावयाचा. म्हणून एकत्र पोचणाऱ्या सर्वांना एकच वेळ दिला जातो. टप्प्यात पहिल्या तिघांत येणाऱ्यांच्या वेळेतून मात्र अनुक्रमे दहा, सहा आणि चार सेकंद वजा केले जातात. हजारो किलोमीटरांच्या प्रवासात चार-सहा सेकंदांचे ते काय मोल, असे कोणास वाटेल. त्याने १९८९ सालची गोष्ट ऐकावी. त्या वर्षी शेवटच्या दिवसाच्या आरंभी फ्रान्सचा लोराँ फिन्याँ पन्नास सेकंदांनी पुढे होता. व्हर्सायपासून पॅरिसपर्यंतचे साडेचोवीस किलोमीटरांचे अंतर प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी झुंजत कापावयाचे होते. लेमाँडने ते फिन्याँपेक्षा अठ्ठावन्न सेकंद लवकर कापले. तीन आठवड्यांचे श्रम आणि ३,२८५ किलोमीटरांचे अंतर. पण जय आणि पराजय यांत अंतर राहिले ते केवळ आठ सेकंदांचे!

वेळ मोजण्याची ही रीत अखंड चालत आली, असे मात्र नाही. १९०४ साली काही स्पर्धकांनी लबाडी केली. कोणी तर चक्क आगगाडीतून प्रवास केला, असा आरोप झाला. चौकशीअंती गारँसह पहिल्या चौघांना बाद करण्यात आले आणि पाचवा आलेला एकोणीस वर्षांचा आन्री कॉर्ने विजयी ठरला. पुढे १९०५ पासून १९१२ पर्यंत वेळेऐवजी टप्प्यातील क्रमांकावरून गुण देत असत. या पद्धतीत कोणी एका तासाने मागे राहिला काय किंवा एका सेकंदाने काय, नुकसान सारखेच होई. सायकल मोडली तरी एका दिवसाचेच गुण जात. १९१३ साली पुन्हा वेळेची बेरीज सुरू झाली, आणि त्याच वर्षी युजेन क्रिस्तोफ या फ्रेंच सायकलपटूवर मोठा प्रसंग ओढवला.

पिरेनीजमधील तूर्माले हा घाट समुद्रसपाटीपासून २,११५ मीटर उंच आहे. तो ओलांडून उतरत असता क्रिस्तोफच्या सायकलचा पुढचा चिमटा मोडला. दुसऱ्याची मदत घ्यावयाची नाही, असा त्या काळचा नियम होता. सायकल खांद्यावर टाकून तो दहा किलोमीटरांहून अधिक वाट चालत उतरला. खालच्या गावात एका लोहाराची भट्टी होती. तिथे त्याने स्वतःच्या हाताने लोखंड तापवून, ठोकून चिमटा सांधला. पंच शेजारी उभे राहून पाहत होते. हात गुंतलेले असल्यामुळे त्याने एका मुलाला भाता ओढू दिला, तर तेवढ्यासाठीही त्याला दंड झाला. या खटाटोपात कित्येक तास गेले आणि विजयाची आशा मावळली. तरीही तो पुन्हा सायकलवर बसला आणि त्याने शर्यत पुरी केली.

पुढे १९१९ साली हाच क्रिस्तोफ आघाडीवर असताना, रस्त्यातल्या गर्दीला आघाडीचा गडी ओळखू यावा म्हणून त्याला पिवळी जर्सी देण्यात आली. ‘लोतो’ पत्र पिवळ्या कागदावर छापले जाई. त्याचाच हा रंग. तो अंगात घालताच लोक त्याला पिवळा कॅनरी पक्षी म्हणून चिडवू लागले! पण दैव असे की, शर्यत संपत आली असता त्याच्या सायकलचा चिमटा पुन्हा मोडला आणि पिवळी जर्सी दुसऱ्याच्या अंगावर गेली. त्या पत्राच्या वाचकांनी वर्गणी जमवून त्याचा गौरव केला. क्रिस्तोफला ही शर्यत कधीच जिंकता आली नाही; परंतु पिवळी जर्सी घालणारा पहिला पुरुष म्हणून त्याचे नाव राहिले आहे. तेव्हापासून ज्याच्या वेळेची बेरीज सर्वांत कमी, तो दुसऱ्या दिवशी पिवळ्या जर्सीत निघतो, आणि शेवटच्या दिवशी ती ज्याच्या अंगावर राहते, तो त्या वर्षीचा विजेता होय.

पिवळी जर्सी एकच. मग ज्यांचे गुण निराळे, त्यांनी काय करावे? त्यांच्यासाठी इतर मान आहेत. १९५३ साली शर्यतीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा हिरवी जर्सी सुरू झाली. ती वेळेवर नव्हे, तर गुणांवर मिळते. सपाट टप्प्यात पहिला येणाऱ्यास पन्नास, दुसऱ्यास तीस आणि तिसऱ्यास वीस गुण मिळतात. डोंगरातील टप्प्यात पहिल्यास वीसच. त्यामुळे शेवटच्या दोन-तीनशे मीटरांत विजेसारखी झेप घेणाऱ्यांचा हा मान आहे.

घाट चढण्यात जो तरबेज, त्याची गणना १९३३ पासून स्वतंत्रपणे होऊ लागली. घाटांचे त्यांच्या उंचीप्रमाणे व चढाप्रमाणे वर्ग पाडले आहेत. सर्वांत सोप्या वर्गाच्या चढाच्या माथ्यावर प्रथम पोचणाऱ्यास एक गुण मिळतो, तर सर्वांत अवघड घाटाच्या माथ्यावर वीस. या ‘पर्वतांच्या राजा’ला १९७५ पासून पांढऱ्यावर तांबडे ठिपके असलेली जर्सी मिळते. आपल्याकडे मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट जिंकणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, त्याच जातीचा हा मान आहे. त्याच वर्षी तरुण स्पर्धकांतील अग्रणीसाठी पांढरी जर्सीही सुरू झाली. १९६९ साली बेल्जियमच्या एडी मेर्क्सने मुख्य निकाल, गुण आणि घाट या तिन्हींत एकाच वर्षी पहिला क्रमांक मिळविला. असा पराक्रम या शर्यतीत दुसऱ्या कोणी केलेला नाही. २०२२ पासून स्त्रियांसाठीही अशीच अनेक टप्प्यांची शर्यत होते व तिच्यातही हे चार मान दिले जातात.

सर्वांच्या शेवटी येणाऱ्यालाही लोक विसरत नाहीत. आगगाडीच्या अखेरच्या डब्याला तांबडा कंदील असतो, म्हणून त्याला गमतीने ‘तांबडा कंदील’ म्हणतात. पण हे नाव मिळविणेही सोपे नाही. प्रत्येक टप्पा ठराविक मुदतीत पुरा केला नाही, तर स्पर्धक बाद होतो. तेव्हा जो शेवटचा ठरला, तोही सारे घाट ओलांडूनच आलेला असतो.

आता बक्षिसांच्या पैशांकडे वळू. अलीकडच्या शर्यतींत सर्व बक्षिसांची रक्कम मिळून सुमारे २३ लाख युरो होते. त्यांपैकी विजेत्यास ५ लाख, दुसऱ्यास २ लाख आणि तिसऱ्यास १ लाख युरो मिळतात. एक टप्पा जिंकल्यास ११,००० युरो, तर हिरवी किंवा ठिपक्यांची जर्सी अखेरपर्यंत राखल्यास २५,००० युरो मिळतात. परंतु विजेता ही रक्कम एकट्याच्या खिशात घालीत नाही. ती संघातील सोबत्यांमध्ये व सेवकवर्गात वाटून देण्याची जुनी प्रथा आहे.

असे का? याचे उत्तर वाऱ्यात आहे. वेगाने जाणाऱ्या सायकलस्वाराची बरीच शक्ती समोरचा वारा कापण्यात खर्च होते. दुसऱ्याच्या अगदी मागोमाग राहिले, तर ती पुष्कळशी वाचते. एका संघात आठ जण असतात. त्यांपैकी बहुतेकजण दिवसभर पुढे राहून आपल्या नायकासाठी वारा अंगावर घेतात, त्याला पाणी आणून देतात आणि वेळ पडल्यास आपले चाकही काढून देतात. १९३४ साली वीस वर्षांच्या रने व्हिएतोने हेच केले. पिरेनीज पर्वतात त्याच्या नायकाचे चाक मोडले. व्हिएतोने आपले चाक काढून दिले आणि मदतीची गाडी येईपर्यंत रस्त्याच्या कडेला बसून तो रडला. दुसऱ्या दिवशी नायकाची सायकल पुन्हा बिघडली. व्हिएतो पुढे गेला होता. तो मागे वळला, उतरलेला रस्ता पुन्हा चढून गेला आणि त्याने नायकाला मदत केली. नायक शर्यत जिंकला आणि व्हिएतो पाचवा आला. घाटांचा मान मात्र त्या वर्षी त्यानेच मिळविला.

याच्या उलट उदाहरणही ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अमेरिकेचा लान्स आर्मस्ट्राँग १९९९ ते २००५ अशी सात वर्षे ओळीने विजयी ठरला होता. परंतु निषिद्ध औषधे घेतल्याचे उघड झाल्यावर २०१२ साली त्याची सातही विजेतेपदे काढून घेण्यात आली. विजेत्यांच्या यादीत त्या सात वर्षांच्या जागा आज रिकाम्या आहेत.

घड्याळ सेकंद मोजते आणि पंच गुण मोजतात. त्यांवरून कोण पुढे व कोण मागे, हे ठरते आणि ते ठरलेच पाहिजे. एका पट्टीने सर्वांचे मोल होत नाही, म्हणून या शर्यतीने पट्ट्याही अनेक केल्या. तरीही लोहाराच्या भट्टीपुढे उभा असलेला क्रिस्तोफ आणि मागे वळून घाट चढणारा व्हिएतो यांना मोजता येईल, असा रकाना कोणत्याही निकालपत्रकात नाही. त्यांची नोंद लोकांच्या स्मरणात झाली आहे, आणि ती अजून पुसली गेलेली नाही.

स्वाध्याय

१. एकही टप्पा न जिंकता मुख्य शर्यत जिंकणे कसे शक्य होते, ते उदाहरण देऊन सांगा.
२. वेळेची बेरीज आणि क्रमांकावरून गुण, या दोन पद्धतींत कोणता फरक आहे? तुम्हांला कोणती अधिक न्याय्य वाटते व का?
३. विजेता आपल्या बक्षिसाची रक्कम सोबत्यांना का वाटून देतो?
४. ‘विजेत्यांच्या यादीत त्या सात वर्षांच्या जागा आज रिकाम्या आहेत.’ या वाक्याचा आशय आपल्या शब्दांत लिहा.