साष्टीचे वारस आणि कादंबरीतले अपराधी

मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी वाचकाला ऐतिहासिक कादंबरीच्या शोधात पुण्याच्या शनिवारवाड्यापर्यंत जाण्याचे वास्तविक कारण नाही. अंधेरी आणि बोरिवली, घाटकोपर आणि मुलुंड ज्या साष्टी बेटावर वसली आहेत, ते बेट पोर्तुगीजांकडून जिंकून घेण्याची मोहीम १७३७ मध्ये ठाण्यापासून आरंभून १७३९ मध्ये वसईच्या तटापाशी तडीस नेणारे चिमाजीअप्पा, आणि तेच बेट पेशवाईच्या मसनदीच्या मोबदल्यात मार्च १७७५ च्या सुरतेच्या तहनाम्याने इंग्रजांना लिहून देणारे रघुनाथराव, हे नात्याने चुलते-पुतणे होते. इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला आदल्या डिसेंबरातच बळाने घेतला होता; तेव्हा रघुनाथरावांनी दिले ते बेट नव्हे, तर केवळ गेलेल्या मालाची पावती, असा बचाव एखादा चतुर वकील करील. परंतु १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली आणि साष्टी आली नाही, हे त्या पावतीचे मोल होय.

ज्या पुरुषाच्या फौजांनी १७५८ मध्ये अटक गाठली, त्याच रघुनाथरावांचे नाव ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात झालेल्या पुतण्या नारायणराव पेशव्याच्या खुनाशी कायमचे जोडले गेले. शौर्य आणि अपराध यांची अशी गाठ ज्याच्या ठायी पडली आहे, त्याला कादंबरीचा नायक करावे काय, आणि केले तर लेखकाने त्याच्या अपराधाचे काय करावे, हा प्रश्न मराठी ऐतिहासिक कादंबरीला वारंवार सतावीत आला आहे.

आरंभी तो नव्हता. ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मंजुघोषा’ (१८६८) या अद्भुतरम्य कादंबऱ्यांतले नायक सद्गुणांचे पुतळेच; रामचंद्र भिकाजी गुंजीकरांनी १८७१ मध्ये ‘मोचनगड’ लिहून इतिहासाचा दरवाजा उघडला आणि हरिभाऊ आपट्यांनी ‘उषःकाल’मध्ये त्या वाटेवर मोठी मजल मारली, तरी परकीय सत्तेखाली दबलेल्या समाजाला पूर्वजांचे दोष चव्हाट्यावर मांडण्याची हौस असण्याचे कारण नव्हते. पुढे १९६२ मध्ये रणजित देसाई यांची ‘स्वामी’ आली आणि मराठी वाचकाने पेशवाईला पुन्हा घरात घेतले. पण तेथेही नायक माधवराव पेशवे निष्कलंक राहिले, आणि कलंकाचा सारा भार काकांच्या, म्हणजे रघुनाथरावांच्या, खांद्यावर गेला.

त्याच सुमारास, १९५० मध्ये जोगेश्वरी-भांडुपपर्यंत आणि १९५७ मध्ये दहिसर-मुलुंडपर्यंत मुंबई महापालिकेची हद्द पसरून, गिरगाव-दादरच्या चाळींतली मराठी कुटुंबे या उपनगरांत संसार थाटू लागली होती. पार्ल्याच्या लोकमान्य सेवा संघासारख्या किंवा मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघासारख्या संस्थांच्या ग्रंथालयांतून पुस्तक घरी आणून रात्री वाचणारा, आणि सकाळच्या लोकलमध्ये त्यावर वाद घालणारा हा नोकरदार वाचकवर्ग ना. सं. इनामदारांच्या वाट्याला आला, हे इनामदारांचे आणि त्या वर्गाचे दोघांचेही भाग्य.

इनामदारांनी नायक निवडले तेच मुळी इतिहासाने आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केलेले. १९६३ च्या ‘झेप’मध्ये त्रिंबकजी डेंगळे, १९६६ च्या ‘झुंज’मध्ये यशवंतराव होळकर, १९६९ च्या ‘मंत्रावेगळा’मध्ये दुसरा बाजीराव, आणि त्यानंतर ‘शहेनशहा’मध्ये तर थेट औरंगजेब. यांतला त्रिंबकजी उपनगरवासीयांचा खास शेजारी. मुलुंडच्या चेकनाक्यापलीकडे ठाण्यात जो किल्ला आज मध्यवर्ती कारागृह म्हणून वापरात आहे, त्यातच इंग्रजांनी त्याला डांबले होते. गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन हे इंग्रजांच्या हमीवर पुण्यास आले असता जुलै १८१५ मध्ये पंढरपुरी त्यांचा खून झाला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने त्याचे खापर बाजीरावाच्या या लाडक्या कारभाऱ्यावर फोडून त्याला हवाली करून घेतले, आणि एतद्देशीय शिपाई फितूर होतील या भयाने किल्ल्यावर गोऱ्या सैनिकांचा पहारा बसविला. या दक्षतेतच तिचा पराभव होता. बिशप हेबर याने पुढे नोंदविलेल्या हकिकतीप्रमाणे, एका इंग्रज अधिकाऱ्याचा मराठी मोतद्दार घोड्याला खरारा करता करता कोठडीखाली गाणे म्हणे, आणि पळून जाण्याची सारी मसलत त्या गाण्यात गुंफलेली असे. गोऱ्या पहारेकऱ्यांना मराठी कळत नव्हते. सप्टेंबर १८१६ मध्ये त्रिंबकजी निसटला. गाण्याची कथा लोकांनी रंगविलेली असेल, पण निसटणे खरे आहे.

आता असा पुरुष हातात आल्यावर कादंबरीकाराला मोह कोणता होतो, हे पाहण्यासारखे आहे. पलायन इतके रम्य, शत्रू इतका बलाढ्य आणि शेवट इतका करुण, कारण पुन्हा पकडला जाऊन त्रिंबकजी १८२९ मध्ये चुनारच्या किल्ल्यात कैदेतच मेला, की पंढरपूरच्या त्या रात्री मारल्या गेलेल्या शास्त्र्यांची वाचकाला आठवणही राहू नये. माझ्या मते सदोष नायकाची कसोटी येथेच लागते. त्याच्या दोषाची किंमत पानोपानी कोण मोजतो? ती मोजणारे माणूस लेखकाने जिवंत उभे केले असेल, तर नायकावर कितीही लोभ जडला तरी कथा खोटी होत नाही; ते माणूस अडगळीत टाकले, की लेखक नायकाचे वकीलपत्र घेऊन बसतो. ‘मंत्रावेगळा’ वाचताना, ‘पळपुटा’ म्हणून हिणविलेल्या बाजीरावाची कैफियत ऐकून घेतली जाते याचे समाधान वाटते. तरी १८०२ च्या अखेरीस वसईच्या तहावर सही करणारा आणि १८१८ नंतर आठ लाखांचे सालिना वर्षासन घेऊन बिठूरला तीन दशके राहणारा हा माणूस केवळ दुर्दैवाचा बळी होता, हे माझ्या गळी उतरत नाही.

‘राऊ’ (१९७२) मध्ये मात्र इनामदार वकिली फार करीत नाहीत, आणि म्हणूनच ती त्यांची सर्वांत वाचली गेलेली कादंबरी असावी. थोरल्या बाजीरावाचे मस्तानीवर प्रेम होते हा त्याचा दोष नव्हे. रणांगणावर कोणाची तमा न बाळगणाऱ्या या पुरुषाने तिला अशा घरात आणले, की तेथे आपल्या पाठीमागे तिचे रक्षण करण्याची कसलीही तजवीज त्याने केली नव्हती, आणि काशीबाईंच्या मनाचे काय झाले असेल हा हिशेब त्याने कधी मांडला नाही. हा दोष आहे. मस्तानीला कैदेत घालणाऱ्यांत साष्टी जिंकणारे चिमाजीअप्पा होते. ज्या हाताने वसई घेतली तोच हात एका एकाकी स्त्रीवर उगारला जातो, हे वाचून वाचक अस्वस्थ होतो, आणि झालाच पाहिजे. २८ एप्रिल १७४० रोजी नर्मदाकाठी रावेरखेडी येथे बाजीराव वारले आणि पाठोपाठ मस्तानीही गेली; ती कशी गेली याचा विश्वसनीय कागद नाही, तेवढी जागा कादंबरीकाराची.

याच कादंबरीवर बेतलेला ‘बाजीराव मस्तानी’ हा हिंदी चित्रपट २०१५ मध्ये आला, आणि त्याचा शनिवारवाडा आपल्या गोरेगावच्या चित्रनगरीत उभा राहिला होता. तेथे दोष जवळजवळ सगळा घरच्यांच्या पदरात पडला आणि नायक धुतल्या तांदळासारखा बाहेर निघाला. झगझगाट पुष्कळ होता, पण राऊ हरवला.

इंग्रजी ऐतिहासिक प्रणयकादंबरीला ही अडचण नसते. जॉर्जेट हेयरने १९२६ च्या ‘दीज ओल्ड शेड्स’मध्ये उभा केलेला दुर्लौकिकाचा धनी ड्यूक सर्वस्वी कल्पित, त्याची पापे बहुतेक कथेच्या आधीच घडून गेलेली, आणि प्रेम आले की ती माफ. आमच्या नायकाला वंशज आहेत, जयंत्या आहेत, गावोगाव चौकात पुतळे आहेत, आणि वाचकाला त्याचा शेवट पहिल्या पानाआधीच ठाऊक आहे. म्हणून आमचा लेखक त्याला सुधारू शकत नाही. दोष दुसऱ्यावर ढकलण्याची सवय मात्र त्याला फार लवकर लागते. नारायणरावाच्या प्रकरणात पत्रातले एक अक्षर बदलल्याचा आरोप पत्नी आनंदीबाईंवर ठेवला, की रघुनाथराव निम्मे सुटतात. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’पासून (१९०९) रंगभूमीने या बाईला जी ओळख दिली ती पुसणे आता कोणाही इतिहासकाराच्या आवाक्यात राहिलेले नाही.

उलट्या दिशेचा प्रकार छत्रपती संभाजीमहाराजांच्या बाबतीत घडला. राम गणेश गडकऱ्यांच्या अपुऱ्या ‘राजसंन्यास’ नाटकात जे व्यसनाधीन संभाजी दिसतात, त्यांचे मूळ बखरींच्या परंपरेत आहे, आणि त्या परंपरेतील प्रमुख बखर १८१० च्या सुमारास लिहिणारे मल्हार रामराव चिटणीस हे बाळाजी आवजींचे वंशज होत; बाळाजी आवजींना १६८१ मध्ये संभाजीमहाराजांच्याच हुकुमाने देहान्त शासन झाले होते. फिर्यादीच्या घरात दप्तर असले म्हणजे निकाल काय लागतो ते उघड आहे. वा. सी. बेंद्रे यांनी वर्षानुवर्षे कागद धुंडाळून १९६० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चरित्राने तो निकाल फिरविला, आणि १९७९ मध्ये शिवाजी सावंतांचा ‘छावा’ त्या नव्या निकालावर उभा राहिला. येथे नायक इतका शुद्ध झाला, की बापाविरुद्ध मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीत जाऊन राहण्याचा त्याचा निर्णय समजून घेताना वाचकाला पुष्कळ समजुती काढाव्या लागतात. ‘राजसंन्यास’मध्ये संभाजीमहाराजांची बदनामी केली म्हणून जानेवारी २०१७ मध्ये पुण्याच्या संभाजी उद्यानातून गडकऱ्यांचा पुतळा उखडून काढण्यात आला. बेंद्र्यांनी त्याच बदनामीला उत्तर दिले होते ते पाचशेहून अधिक पानांच्या पुराव्यानिशी.