एक जखम, दोन उलटी औषधं

समजा, गेवराईकडचा पंचविशीतला एक तरुण आहे. बेंबीच्या उजव्या बाजूला खाली दुखतं, जेवलं की पोट फुगतं, अधूनमधून बारीक ताप येतो, पँट कमरेला सैल झालीय. संभाजीनगरला दुर्बिणीने तपासणी होते, आतड्याचा तुकडा काढून तपासायला जातो आणि रिपोर्टवर ‘क्रोन्स’ हा शब्द येतो. पुढे प्रश्नचिन्ह आणि ‘किंवा आतड्याचा टीबी’. मग पुष्कळदा हातात पहिल्या गोळ्या पडतात त्या टीबीच्या. घरचे बुचकळ्यात पडतात. निदान एकाचं आणि औषध दुसऱ्याचं?

पण यामागचं कारण कळलं की थक्क व्हायला होतं. दोन्ही आजारांची आवडती जागा एकच : लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं तो सांधा. जखमाही सारख्याच दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली तर साम्य आणखी गहिरं. शरीराला एखादा शत्रू मारता येत नाही, तेव्हा पांढऱ्या पेशी त्याच्याभोवती गराडा घालतात. काही पेशी एकमेकींत विरघळून एकच राक्षसी पेशी होते, आणि तिची केंद्रकं कडेकडेने घोड्याच्या नालासारखी रांगेत बसतात. या गराड्याला ग्रॅन्युलोमा म्हणतात. टीबीत त्याच्या मधोमध जंतू असतो, आणि तो भाग मरून पनीरसारखा भुसभुशीत होतो. क्रोन्समध्येही गराडा पडतो, लहान आणि विरळ. पण ज्याला कोंडायचं, तो जंतू तिथे सापडतच नाही.

ग्लासगोचे सर्जन डॅल्झिएल यांनी 1913 सालीच असे रुग्ण नोंदवले होते : आतडं टीबीसारखं, पण टीबी नाही. 1932 मध्ये न्यूयॉर्कच्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांनी 14 रुग्णांवर लेख लिहिला. नावं वर्णानुक्रमे छापली गेली आणि आजाराला क्रोन यांचं नाव चिकटलं.

या फरकावर आपल्याकडे इतकी डोकेफोड का? क्रोन्समध्ये प्रतिकारशक्तीच आतड्यावर उलटते, म्हणून त्याचं औषध तिला लगाम घालतं. तोच लगाम टीबीच्या रुग्णाला घातला तर जंतूंना रान मोकळं. आतड्याच्या टीबीत जंतू मोजकेच असतात, त्यामुळे तुकड्यात ते सापडले नाहीत म्हणून टीबी नाही, असं छातीठोक सांगता येत नाही. आडवे व्रण टीबीकडे बोट दाखवतात, उभे लांबट व्रण आणि गुदद्वाराजवळचं भगंदर क्रोन्सकडे. तरीही काही रुग्णांचं कोडं सुटत नाही. अशा वेळी औषधालाच तपासणी बनवलं जातं, आणि मला या सगळ्यात हीच युक्ती सर्वांत विलक्षण वाटते. टीबीचा कोर्स सुरू करायचा. सरकारी दवाखान्यात तो मोफत मिळतो. त्यातल्या रिफाम्पिसिन या गोळीने लघवी नारिंगी होते, तिला घाबरायचं कारण नाही. साधारण दोन-तीन महिन्यांनी पुन्हा दुर्बीण टाकायची. व्रण भरले, तर टीबी. कोर्स पूर्ण करायचा. जसेच्या तसे असले, तर क्रोन्सकडे वळायचं. नुसतं ‘बरं वाटतंय’ एवढ्यावर भागत नाही, कारण क्रोन्सच्या काही रुग्णांनाही या गोळ्यांनी काही काळ बरं वाटतं. व्रण बघावेच लागतात.

पुढे क्रोन्स ठरला तरी टीबी पाठ सोडत नाही. इन्फ्लिक्सिमॅब हे इंजेक्शन अमेरिकेत 1998 मध्ये क्रोन्ससाठी मंजूर झालं. ते टीएनएफ नावाचं प्रथिन रोखतं आणि आतड्याची आग शमते. पण जुन्या, निद्रिस्त टीबीभोवतीचा गराडा टिकवून धरणारंही हेच टीएनएफ! 2001 मध्ये या इंजेक्शननंतर टीबी झालेल्या 70 रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. म्हणून इंजेक्शनआधी छातीचा एक्स-रे आणि लपलेल्या टीबीची तपासणी करतातच.

पुष्कळांना सुरुवातीला स्टेरॉइड मिळतं. त्याने काही दिवसांतच भूक परतते. पण ते कायमचं औषध नव्हे, आणि मनाने एकदम बंदही करायचं नसतं. डॉक्टर डोस हळूहळू उतरवतात. जोडीला बऱ्याचदा अझाथायोप्रिन येतं. गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्या प्रयोगशाळेतलं हे औषध. दोघांना 1988 मध्ये नोबेल मिळालं. या औषधाचा गुण यायला दोन-तीन महिने लागतात. काहींच्या एनयूडीटी15 या जनुकात असा बदल असतो, की नेहमीचा डोसही त्यांच्या पांढऱ्या पेशी झपाट्याने खाली आणतो. हा बदल युरोपीय लोकांत विरळा, आपल्याकडे बऱ्यापैकी आढळतो. केस मुठीमुठीने गळू लागले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं. पहिले काही आठवडे तर दर एक-दोन आठवड्यांनी रक्त तपासावं लागतं.

बीड जिल्ह्यात ही रक्ततपासणीच अवघड होऊन बसते. दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीच्या टोळ्या कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, त्या थेट गुढीपाडव्याच्या आसपास परततात. गावी असताना अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात रक्त देता येतं, फडावरून ते कसं जमणार? म्हणून पहिली गोळी घेण्याआधीच डॉक्टरांना सांगावं : आम्ही अमुक महिन्यात उसाला जाणार, अमुक कारखान्यावर. मग गोळी कधी सुरू करायची, तिथल्या कुठल्या दवाखान्यात रक्त द्यायचं आणि रिपोर्टचा फोटो कुणाला पाठवायचा, हे चिठ्ठीवरच लिहून घेता येतं.