गाडगेबाबा, रॅप आणि बायबल

पंचवटीच्या गोदाघाटावर पुलापासून धर्मशाळेपर्यंत गाडगेबाबांचं नाव भेटतं. त्यांचं कीर्तन मला आजच्या रॅपचं थोरलं भावंड वाटतं (भक्तांनी रागावू नये!). वऱ्हाडी बोली, ठेका, श्रोत्यांना थेट सवाल. कर्ज, दारू, पशुबळी, सगळ्यांवर फटकारे. लोकांनी दिलेल्या पैशातून नाशिक, पंढरपूर, आळंदीला धर्मशाळा उभ्या राहिल्या. अंगावर मात्र चिंध्या, हातात खराटा. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर १९४९ मध्ये डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेला देऊन टाकली. हे दान पाहून बायबल आठवतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू दानाची दवंडी पिटू नका म्हणतो. बाबांनी तर धर्मशाळांवर नात्यागोत्याचा हक्कही ठेवला नाही. मार्कच्या बाराव्या अध्यायातली दोन दमड्या देणारी विधवाही आठवते, पण ती बाबांपेक्षा त्यांच्या गरीब श्रोत्यांमुळे.